पाणी देणाऱ्याने आधी पाणी मागावे

दान हातातून सुटले म्हणजे ते पूर्ण झाले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अन्नवस्त्राच्या बाबतीत ती काही अंशी खरीही असेल. परंतु ज्या दानाची रोज निगा राखावी लागते, त्याचे काय? परदेशी खेड्यापाड्यांत जाऊन विहिरी, पंप आणि नळयोजना उभारणाऱ्या स्वयंसेवक अभियंत्यांच्या निमित्ताने हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

२००० साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे प्राध्यापक बर्नार्ड अमादेई बेलीझ देशातील सान पाब्लो या खेड्यात गेले. पाणी वाहण्यापायी तेथील मुलींची शाळा बुडत होती. अमादेईंनी विद्यार्थ्यांसह पुन्हा जाऊन तेथे पाणीयोजना उभी केली आणि त्यातून २००२ साली ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’ ही अमेरिकेतील संस्था जन्मास आली. फ्रान्समध्ये अशी चळवळ १९८२ पासून आहे. आपली विद्या आणि सुटीचे दिवस परक्यांसाठी वेचणाऱ्या या तरुणांविषयी आम्हांस आदरच वाटतो.

तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सुमारे ३६ टक्के हातपंप बंद होते. हे सारे पंप स्वयंसेवकांनीच बसविले होते असे नव्हे. पण कारणे सर्वत्र सारखीच आढळतात. सुटे भाग गावाच्या बाजारात मिळत नाहीत, दुरुस्ती कोणाला शिकविलेली नसते, आणि पाणी भरणाऱ्या स्त्रियांना कोणी काही विचारलेले नसते. उद्घाटनाचे छायाचित्र मात्र दात्याच्या देशात भिंतीवर झळकत राहते. तेव्हा ते दान तहानलेल्यांसाठी होते की दात्याच्या समाधानासाठी? कॅनडातील अशाच संस्थेने २००८ पासून स्वतःच्या अपयशांचा अहवाल छापण्यास आरंभ केला. आपल्या धर्मपरंपरेत यालाच आत्मपरीक्षण म्हणतात.

याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या मंडळींना मोडके पंप रोज पाहावे लागत. त्या अनुभवातून त्यांनी दणकट पंप घडविला. युनिसेफच्या साह्याने १९७०च्या दशकात त्यातूनच ‘इंडिया मार्क २’ सिद्ध झाला आणि पुढे तो आफ्रिकेतही पोहोचला.

कोणी म्हणेल, मूल गढूळ पाणी पीत असताना हा काथ्याकूट कशाला? आक्षेप खरा आहे. तहानेला उद्याचा वायदा चालत नाही. परंतु दोन वर्षांत बंद पडणारा पंप त्या मुलाला पुन्हा त्याच डबक्याकडे नेतो, आणि या वेळी गावाचा विश्वासही सोबत गमावलेला असतो. परमगुरू पोप पॉल सहावे यांनी १९६७ सालच्या ‘पॉप्युलोरुम प्रोग्रेसियो’ या परिपत्रकात परदेशी जाणाऱ्या तज्ज्ञांना हेच बजावले होते, की तांत्रिक ज्ञानामुळे माणूस सर्वच बाबतींत श्रेष्ठ ठरत नाही. त्याला प्रेमाची जोड हवी.

याकोबाच्या विहिरीवर प्रभू येशूने काय केले ते आठवावे. जिवंत पाणी देण्यास आलेल्या प्रभूने प्रथम त्या शोमरोनी स्त्रीपाशी पाणी मागितले. विहीर खोल होती, पोहरा तिच्यापाशी होता, आणि त्याने तिची मदत कमी लेखली नाही. मागणी ऐकताच ती बोलू लागली. पुढे सारे गाव तिनेच त्याच्याकडे आणले.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुलेमुली आज अभियांत्रिकी शिकत आहेत. उद्या ती सेवेसाठी कोठेही जावोत, तेथे पोहोचताच नकाशा उलगडण्यापूर्वी त्यांनी विहिरीवरच्या बाईला विचारावे: बाई, तुमचा पोहरा कोठे अडतो?