शंकेने वुजू तुटत नाही

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरी सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशय दूषित पाण्यावर गेला. घाटाखालच्या आमच्या कडाव परिसराचे पुण्याशी जाणे-येणे नित्याचे. त्यामुळे आजाराची भीती घाट उतरून इथेही आली.

त्या दिवसांत एक तरुण इशाच्या नमाजनंतर थांबला. म्हणाला, "मौलाना, पायांना मुंग्या येतात. डॉक्टरांनी तपासले, काही नाही म्हणाले. तरी रोज रात्री चवड्यांवर उभा राहून पाहतो, पायांत बळ आहे ना. माझे ईमान कमजोर आहे का?"

वाचकहो, भीती मनुष्यस्वभावातच आहे. काठीचा साप झालेला पाहून ह. मूसा (अलै.) यांनाही भय वाटले, हे कुरआनच सांगतो. मग एका तरुणाच्या ईमानावर आपण बोट का ठेवावे? प्रश्न भीती वाटण्याचा नाही. तिचे किती ऐकावे, याचा आहे.

एका माणसाबद्दल प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे तक्रार आली, की नमाजमध्ये त्याला सारखे वुजू तुटल्यासारखे वाटते. प्रेषितांनी शिकवले, की आवाज वा वास येईपर्यंत त्याने नमाज सोडू नये. यावरून फुकहांनी नियम मांडला, की जे निश्चित आहे ते केवळ शंकेने नाहीसे होत नाही. या नियमाला दुसरी बाजूही आहे. खूण स्पष्ट झाली, की नमाज पुढे रेटता येत नाही. उठून वुजू करावाच लागतो.

हा नियम वुजूचा खरा. परंतु त्यातली शिस्त भयभीत मनालाही उपयोगी आहे. डॉक्टरांनी तपासून निर्वाळा दिला, ती निश्चिती. रोज रात्रीची चाचणी म्हणजे वुजूखान्यात तोच हात पुन्हा पुन्हा धुणे. त्याने शंका धुतली जात नाही, वाढते.

आता दुसरी बाजू. जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या मज्जातंतूंवर उलटते, पुष्कळदा जुलाब किंवा श्वसनाच्या संसर्गानंतर. अशक्तपणा बहुधा पायांपासून वर चढतो. जिना चढवेना, घास गिळवेना, श्वास अपुरा पडू लागला, तर ती शंका नव्हे, खूण आहे. त्या क्षणी रुग्णालय गाठावे. उपचार आहेत आणि बहुतेक रुग्ण बरे होतात, जरी त्याला महिने लागले तरी. तवक्कुलचे नाव घेऊन घरी बसणे हे प्रेषितांच्या शिकवणीविरुद्ध आहे. त्यांनी तर उपचार घेण्यास सांगितले. शामकडे निघालेले ह. उमर (रजि.) साथीची वार्ता ऐकून मागे फिरले, तेव्हा त्यांनी हे परतणेही अल्लाहच्या तकदीरीतच मानले.

आणि भीतीनेच झोप व कामधंदा हिरावला, तर तोही आजारच. मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात लाज कसली?

त्या तरुणाला मी म्हटले, "ईमानाचा हिशेब अल्लाहवर सोड. चाचणी बंद कर. त्याऐवजी घरचे पाणी उकळ, टाकी धू. त्याने शेजाऱ्याचेही भले होईल. मात्र पाय खरोखर उचलेनासे झाले, तर मध्यरात्रीही दार वाजव. मी सोबत येईन."

अल्लाह आपणा सर्वांना आफियत देवो आणि भ्यालेल्याला धीर देण्याची बुद्धी देवो. आमीन.