माळ पप्पांनी घातली आहे

चि. ओंकार,

पप्पा दारात तुझ्या मित्राच्या पाया पडले, वर ‘माउली’ म्हणाले, तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं तुला झालं. तू लिहिलेलं वाचून मला आधी हसूच आलं. वारकऱ्यांत ती रीतच आहे, थोरलाही धाकट्याच्या पाया पडतो. पण दहावीतल्या पोराला चार मित्रांसमोर ती जड जाणारच.

कार्तिकीला आळंदीत पप्पांनी माळ घातली आणि घरातलं वशाट बंद झालं, रविवारचा तांबडा-पांढरा गेला, पहाटे हरिपाठ सुरू झाला. बाटलीही गेली. आता तू तोंड उघडलंस की सगळे म्हणतात, दारू सुटली ना, मग कुरकुर कसली? तुझ्या आईला मी दोष देत नाही, किती वर्षांनी ती रात्री स्वस्थ झोपते आहे. पण दारू सुटल्याचं बरं वाटणं आणि रविवारचा बाप हरवल्याचा राग येणं, दोन्ही खरं आहे. शिट्टी वाजवत रस्सा ढवळणारा माझा भाऊ मलाही आठवतो.

नवा माळकरी कडक असतो रे. माळ तुटली तर ती ओवून पुन्हा गळ्यात पडेपर्यंत अन्नाला शिवायचा नाही. ते त्याचं त्याच्यापाशी. तुझ्या ताटात डोकावायला लागला की मात्र बोल. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माळकऱ्याच्या घरी सुना परड्यातल्या चुलीवर मटण शिजवायच्या. आजोबा आपली भांडी तेवढी वेगळी ठेवायचे, कुणाला उपदेश नाही.

घरात अशी वाट बदलणारा तुझा बाप काही पहिला नाही. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन वेगळ्या राहिल्या. पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण १९०० साली, स्वतःला पटल्यावर. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ सुट्टीत वाच. एकाच घरात दोन माणसं देवाकडे वेगवेगळ्या चालीनं जातात, हे त्यात रडूनही सांगितलंय आणि हसूनही. मुलाच्या मनात काय चाललं असेल, तिकडे मात्र अशा गोष्टींत कुणाचं फारसं लक्ष जात नाही. म्हणून तुला लिहिते आहे.

पप्पांशी भांडू नकोस, आणि मन राखायला खोटा हरिपाठही म्हणू नकोस. खोटं त्याला लगेच कळतं. सरळ सांग की माळ तुम्ही घातली आहे, मी नाही. पण रविवारची सकाळ मला तुमच्याबरोबर हवी, मग रंकाळ्यावर फिरायला का होईना. आषाढीला वाटलंच तर नंदवाळपर्यंत दिंडीत एक दिवस चाल. पंढरपूरचा शब्द देऊ नकोस.

मटण खायला माझ्याकडे येत जा. मी त्याला फोनवर तसं सांगून टाकलंय. दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, ‘डबा घरी आणू देऊ नको तेवढा.’

तुझी
आत्या