धर्माची गाय

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपल्याकडे घरोघर सांगतात. सल्ला चांगला आहे. पण पायरी चढावी कीं न चढावी हें ठरविणें ज्याच्या हातीं आहे, त्यालाच तो उपयोगी पडतो. ज्याच्या हातांत बेडी पडली, ज्या विधवेला दिरानें घराबाहेर काढलें, ज्या भाडेकऱ्याच्या दारावर जागा सोडण्याची नोटीस चिकटली, त्यांचें शहाणपण किती आहे हें विचारून कोणी त्यांना कोर्टांत नेत नाहीं. तेथें गेल्यावर मात्र त्यांना पहिला प्रश्न हाच पडतो कीं, आपल्या वतीनें बोलणार कोण?

अशा माणसांचीं कामें विनामूल्य चालविणारे वकील पूर्वींही होते. अलीकडे वकिलांच्या मोठमोठ्या पेढ्यांनीं हें काम रीतसर अंगावर घेतलें आहे. प्रत्येक वकिलानें वर्षाकाठीं निदान ५० तास तरी असें काम करण्याची आकांक्षा बाळगावी, असें अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांत म्हटलें आहे. आपल्या बार कौन्सिलच्या नियमांतही, सांपत्तिक मर्यादेंत राहून गरजू व पीडितांना विनामूल्य साहाय्य करणें हें वकिलाच्या श्रेष्ठ कर्तव्यांपैकीं एक मानलें आहे. याबद्दल संतोष मानावयास हरकत नाहीं. तथापि ही मदत म्हणजे दान, कीं ऋणाची फेड? प्रश्न वरवर शब्दच्छलाचा वाटतो. पण अशिलाच्या दृष्टीनें त्याच्या उत्तरावर पुष्कळ अवलंबून आहे.

दानपक्षाचें म्हणणें सोपें आहे. वाणी गरिबाला फुकट तांदूळ देण्यास बांधलेला नाहीं. मग कष्टानें विद्या मिळविणाऱ्या वकिलानेंच कां बांधून घ्यावें? या युक्तिवादांतून एक गोष्ट निसटते. तांदूळ कोणीही विकूं शकतो. दुसऱ्याच्या वतीनें न्यायालयांत उभें राहण्याचा हक्क मात्र, किरकोळ अपवाद सोडले तर, १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टान्वयें सनदी वकिलांनाच आहे. नदी उतरून देण्याचा मक्ता एका नावाड्याला मिळाला म्हणजे पैलतीरीं जाण्याची निकड असलेल्या निर्धनाशीं त्याचें नातें केवळ दुकानदाराचें राहत नाहीं. आपलें काम स्वतः चालविण्याची मुभा गरिबाला आहे, हें खरें. पोहून जाण्याची मुभाही असतेच.

प्राचीन रोममध्यें तर ख्रिस्तपूर्व २०४ सालच्या कायद्यानें वकिलीबद्दल पैसा अगर देणगी घेण्यासच मनाई होती. पुढें क्लॉडिअस बादशहानें दहा हजार सेस्टर्सपर्यंत फी घेण्यास मोकळीक दिली. तें योग्यच झालें. वकिलालाही संसार असतो.

माझ्या मतें खरी अडचण फीच्या अभावाची नाहीं. ‘धर्माची गाय आणि दांत कां गे नाय?’ ही म्हण घेणाराच्या तोंडाला कुलूप घालण्यासाठींच जन्मली आहे. फी देणारा अशील वकिलाकडे खेटे घालतो, तारीख विचारतो, काम बिघडतें आहे असें वाटलें तर कागद उचलून दुसऱ्याकडे जातो. फुकटचा अशील हात जोडून उभा राहतो. कपिला दांत पडल्यावरही घोटभर दूध देईल. दांत नसलेला बचाव मात्र माणसाला फांसावर पोंचवितो.

ही अतिशयोक्ति नव्हे. १९३१ सालीं अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत, स्कॉट्सबरो येथें, नऊ कृष्णवर्णीय पोरांवर दोन गोऱ्या स्त्रियांवर अत्याचार केल्याचा खटला झाला. पोरें परगांवचीं, बहुतेक निरक्षर. न्यायाधीशानें त्यांच्यासाठीं गांवांतले सगळेच वकील नेमले! सगळे नेमले म्हणजे कोणीच नेमला नाहीं. खटल्याच्या दिवशीं सकाळीं जे उभे राहिले, त्यांना तयारीला वेळच नव्हता. अटकेपासून सुमारें पंधरवड्यांत आठांना देहान्ताची शिक्षा झाली. त्यांपैकीं सात जणांची शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९३२ सालीं रद्द केली. अशा नेमणुकीला वकील देणें म्हणतां येत नाहीं, असें ठरविलें.

पुढच्या वर्षीं न्यूयॉर्कचे नामांकित वकील सॅम्युएल लाईबोविट्झ यांनीं तें काम घेतलें. त्यांनींही फी घेतली नाहीं. पण त्यांनीं जूरीच्या याद्या तपासल्या. कृष्णवर्णीयांचीं नांवें मागाहून घुसडलीं आहेत हें दाखवून दिलें आणि १९३५ सालीं सर्वोच्च न्यायालयाकडून तो मुद्दा मान्य करून घेतला. १९३७ सालीं चौघांवरील आरोप मागें घेण्यांत आले. बाकीच्यांना आणखी कित्येक वर्षें तुरुंगांत काढावीं लागलीं. फी या वेळींही नव्हती. फरक इतकाच कीं, काम कोणा एकाच्या नांवावर चढलें होतें.

पेढ्यांच्या बाबतींत मला धास्ती वाटते ती याच ठिकाणीं. भागीदार औदार्य जाहीर करतात आणि रात्रीं जागतो तो नवशिका ज्युनियर. आयजीच्या जिवावर बायजी उदार! ज्युनियरानें शिकूं नये असें नाहीं, पण गरिबाचा खटला ही त्याची तालीम होऊं नये. दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. ज्या पेढीला बँका आणि बिल्डर पोसतात, ती त्याच बँकेविरुद्ध किंवा बिल्डराविरुद्ध झोपडीवाल्याचा कागद हातीं घेणार नाहीं. जुन्या अशिलाशीं प्रामाणिक राहण्याचा नियमच तसा आहे, आणि तो वाईट नाहीं. पण मग झोपडीवाल्याला तसें पहिल्याच दिवशीं स्पष्ट सांगून दुसरा दरवाजा दाखविणें, हेंही त्या फेडीचाच भाग ठरतें.

दुसरा दरवाजा आहे. १९७६ सालीं आपल्या राज्यघटनेंत ३९-अ हें कलम आलें. १९८७ सालच्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति-जमातींचे लोक आणि कोठडींतील माणसें यांना उत्पन्न न पाहतां मोफत वकील मिळूं शकतो. तर मग पेढ्यांनीं कशाला श्रम घ्यावेत, असें कोणी विचारील. फौजदारी कामांत सरकार स्वतःच फिर्यादी असतें. त्यानेंच दिलेल्या वकिलाकडे आरोपी संशयानें पाहतो, तो संशय पुष्कळदां अनाठायीं असला तरी. सरकारशीं ज्याचें देणेंघेणें नाहीं असा वकील म्हणूनच त्याला हवा असतो. आरोपीनें अर्ज केला नाहीं म्हणून त्याला मोफत वकील नाकारतां येत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं सुख दास यांच्या खटल्यांत ठरवून दिलें. निदान तेथें तरी त्याला याचकाच्या रांगेंतून बाहेर काढलें आहे.

पेढीच्या दिवाणखान्यांत, थंडगार हवेंत, खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसलेल्या त्या माणसाला कोणीतरी दिरंगाई न करतां एक चिठ्ठी द्यावी: तिच्यावर त्याच्या वकिलाचें नांव, पुढची तारीख आणि तक्रार कोणाकडे करावयाची तें लिहिलेलें असावें. मग तो विचारूं शकेल, “साहेब, त्या दिवशीं तुम्ही स्वतः येणार ना? आणि नाहीं आलांत, तर मीं कोणाला धरावें?”