आत पेटलेला अग्नी



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक १४.

भगवंत इथे सांगतात की प्राण्यांच्या देहात राहणारा वैश्वानर अग्नी मीच आहे, आणि प्राण-अपानाच्या साथीने चारही प्रकारचं अन्न मीच पचवतो. चार प्रकार म्हणजे चावायची भाकरी, गिळायची खीर, चाटायचा मध आणि चोखायचा ऊस. गंमत बघा, आधीच्या दोन श्लोकांत सूर्य-चंद्राचं तेज, पृथ्वी आणि वनस्पतींमधला रस येतो. आणि मग एकदम आपलं पोट! देव किती जवळ आहे, हे याहून स्पष्ट कसं सांगणार?

घास गिळेपर्यंतचं काम आपलं. त्यानंतर आपल्या हातात काय असतं? जठरात तीव्र आम्ल पाझरतं. त्याने जठरच जळू नये म्हणून आतून चिकट थर असतो आणि अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या होतात. पुढे सुमारे ६ मीटर लांबीचं लहान आतडं. तिथे स्वादुपिंडाचा रस आणि पित्त येऊन मिळतं. शोषलेल्या अन्नाचा बराचसा भाग रक्तातून आधी यकृताकडे जातो. हे साधारण दीड किलोचं यकृत जास्तीची साखर साठवतं आणि घातक द्रव्यं निकामी करतं. आपण झोपलो की तीच साखर थोडी थोडी रक्तात सोडतं, कारण मेंदूला ती रात्रीही लागते. एकादशीला आपण म्हणतो, "आज मी काही खाल्लं नाही." आत मात्र अन्नदान चालूच असतं!

आपल्या भाषेत बोलायचं तर ही बॅकग्राउंडला चालणारी सर्व्हिस आहे. नीट चालू असते तोवर तिचं नावही कुणी काढत नाही.

आणि बिघडली तर? एका मित्राने मला विचारलं, "बाबांचं यकृत निकामी होत चाललंय. मग त्यांच्यातला वैश्वानर कुठे गेला?"

या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. आजारी माणसाला "तुमचं प्रारब्ध" असं तर मुळीच ऐकवू नये. देह जुना होतो, झिजतो, हे गीतेने दुसऱ्या अध्यायातच सांगून टाकलंय. आजचा श्लोक शरीर कधीच बिघडणार नाही अशी हमी देत नाही. आत कोण बसलाय, एवढंच तो सांगतो. तो निरोग्यांत आहे आणि आजाऱ्यांत नाही, असा भेद तिथे नाहीच. मग बाबांना भरवलेली दोन चमचे पेज कुणाला पोचते? ज्याला आपण देवघरात नैवेद्य दाखवतो, त्यालाच. त्या घरात चमचा हेच यज्ञाचं पात्र झालं.

यकृताबद्दल आणखी एक गोष्ट. जिवंत माणूस आपल्या यकृताचा काही भाग दुसऱ्याला देऊ शकतो. त्याच्याकडे उरलेला भाग काही महिन्यांत वाढून जवळजवळ पूर्वीएवढा होतो, आणि दिलेला भागही दुसऱ्याच्या देहात वाढतो. एका समईने दुसरी लावावी तसंच ना हे? अर्थात प्रत्येकाला असं देता येत नाही; ते डॉक्टरच ठरवतात.

आपल्यासाठी यातून काय घ्यायचं? सहाव्या अध्यायात (श्लोक १६-१७) भगवंत म्हणतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. झोपेचंही तसंच. म्हणजे रात्री दीड वाजता मागवलेली बिर्याणी आणि हट्टाने केलेले कडक उपास, दोन्ही एकाच यादीत! आत यज्ञ चालू आहे, तर त्यात काय टाकतो आणि कधी टाकतो, याचं भान हीसुद्धा पूजाच.

आजचा अभ्यास छोटासा. आज एक जेवण मोबाईल बाजूला ठेवून करा. पहिला घास घेण्याआधी मनात एवढंच म्हणा, "देवा, हे तुझ्यासाठी." पुढचं तो बघतोच आहे.

राम कृष्ण हरी!