पुनरुक्ती, लाघव आणि उत्तरदायित्व

पुनरुक्ती हा दोष आहे असे संस्कृत काव्यशास्त्राने सांगितले, आणि ती कोठे दोष ठरत नाही हेही त्याच प्रकरणात सांगितले. दोषांची गणना करणे तुलनेने सोपे असते. एखाद्या ठिकाणी तो दोष का राहत नाही याचे कारण देणे अवघड असते, आणि समीक्षेचे खरे काम तेथूनच सुरू होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेखनाचा एक नवा प्रकार रूढ झाला. संगणकाची आज्ञावली हा तो प्रकार होय. तिच्या रचनेचा गंभीरपणे विचार करणाऱ्यांनीही पुनरुक्ती आणि गुंतागुंत या दोहोंची प्रमुख दोषांत गणना केली. हे साम्य केवळ संज्ञांचे आहे की त्यामागे एकच प्रश्न उभा आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे. आज्ञावलीतील पुनरुक्ती काढून टाकणे ही वरवर पाहता कारागिरीची बाब दिसते. परंतु तेथे दोन गोष्टी 'एकच' आहेत असा निर्णय घेतला जातो, आणि त्या निर्णयाचे परिणाम बहुधा निर्णय घेणाऱ्याला भोगावे लागत नाहीत. म्हणून हा प्रश्न नैतिकही आहे.

आज्ञावली यंत्रासाठी लिहिली जाते, हे अर्धेच खरे आहे. यंत्राला पुनरुक्तीचा त्रास होत नाही. एकच आज्ञा दहा ठिकाणी लिहिली तरी ते दहाही ठिकाणी ती सारख्याच निष्ठेने पाळते. त्रास होतो तो वाचणाऱ्या माणसाला. आज्ञावली एकदा लिहून संपत नाही. नियम बदलतात, दर बदलतात, यंत्रे बदलतात, आणि मूळ लेखक निघून गेल्यावर दुसरा कोणीतरी ती वाचून तिच्यात फेरफार करतो. आज्ञावली ही माणसाने माणसासाठी केलेली रचना मानावी, हा विचार डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ मध्ये साहित्याशी नाते सांगणाऱ्या नावानेच मांडला होता. तेव्हा आज्ञावलीला वाचक आहे, आणि तो बहुधा लेखकाच्या गैरहजेरीत वाचत असतो, एवढे गृहीत धरून पुढे जाता येईल.

एक उदाहरण घेऊ. एसटीच्या बसमध्ये ज्येष्ठ नागरिकांना प्रवासभाड्यात ५० टक्के सवलत होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास सुरू झाला, आणि निम्म्या भाड्याची सवलत ६५ ते ७५ या वयोगटापुरती राहिली. मार्च २०२३ मध्ये महिलांनाही ५० टक्के सवलत देण्यात आली. आता भाडे आकारणारी एखादी काल्पनिक आज्ञावली डोळ्यांसमोर आणावी. तिच्यात ज्येष्ठांच्या सवलतीचा नियम तीन ठिकाणी लिहिलेला आहे : वाहकाच्या हातातील तिकीट यंत्रासाठी, आरक्षणाच्या खिडकीसाठी आणि घरबसल्या केलेल्या आरक्षणासाठी. २०२२ चा बदल करणाऱ्याला यांपैकी दोनच ठिकाणे सापडतात. ७६ वर्षांचा एक वृद्ध जाताना खिडकीवर तिकीट घेतो तेव्हा त्याला काही द्यावे लागत नाही. परतताना वाहकाचे यंत्र त्याच्याकडून निम्मे भाडे मागते. वाहक यंत्राकडे बोट दाखवतो. त्याची चूक नाही. वृद्धाचीही नाही. ज्याने एकच नियम तीनदा लिहिला तो या प्रसंगात कोठेच नसतो, आणि भुर्दंड मात्र प्रवाशाला बसतो.

अँड्र्यू हंट आणि डेव्हिड टॉमस यांनी १९९९ मधील आपल्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' या ग्रंथात पुनरुक्तीविरुद्ध जो नियम सांगितला त्याचा रोख याच अनर्थाकडे आहे. एखाद्या व्यवस्थेतील प्रत्येक ज्ञानाला त्या व्यवस्थेत एकच, निःसंदिग्ध आणि अधिकृत स्थान असावे, असा त्या नियमाचा आशय आहे. येथे 'ज्ञान' हा शब्द महत्त्वाचा आहे. नियम अक्षरांविषयी नाही. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र त्याचा अर्थ पुष्कळदा अक्षरांपुरता घेतला जातो : दोन ठिकाणच्या ओळी सारख्या दिसल्या की त्या एकत्र करायच्या. दिसण्यातील सारखेपणा आणि असण्यातील एकपणा यांची ही गल्लत आहे.

या गल्लतीवर काव्यशास्त्राकडे सूक्ष्म संज्ञा आहेत. यमकात वर्णांचा क्रम तोच येतो, परंतु अर्थ वेगळा असतो. पुनरुक्तवदाभासात वेगवेगळे शब्द एकच अर्थ पुन्हा सांगत असल्याचा भास होतो. विचारान्ती तो अर्थ एक नसतो. लाटानुप्रासात शब्दही तोच आणि अर्थही तोच, केवळ तात्पर्य भिन्न असते. आणि मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त तेच पद पुन्हा वापरणे हा दोष सांगूनही लाटानुप्रासात तो दोष मानलेला नाही. रूप, अर्थ आणि तात्पर्य अशा तीन पातळ्यांवर सारखेपणाची परीक्षा करायची, आणि शेवटच्या पातळीवरही एकच ठरेल ती खरी पुनरुक्ती समजायची, असा विवेक या वर्गीकरणातून काढता येतो.

हा विवेक वरील उदाहरणाला लावून पाहावा. तीन ठिकाणी लिहिलेला ज्येष्ठांचा नियम ही खरी पुनरुक्ती आहे. एक बदलला की उरलेले दोन बदललेच पाहिजेत, कारण तिघांमागचा शासननिर्णय एक आहे. ज्येष्ठांचे ५० टक्के आणि महिलांचे ५० टक्के यांची गोष्ट वेगळी आहे. अंक तोच, क्रिया तीच, पण एकामागे वय आहे आणि दुसऱ्यामागे लिंगाधारित धोरण आहे. नीटनेटकेपणाची आवड असलेला प्रोग्रामर 'निम्मे भाडे' असा एकच आज्ञागट तयार करून दोन्ही सवलती त्यावर सोपवील. आज त्याचे उत्तर बरोबर येईल. उद्या यांपैकी एका सवलतीचा दर बदलला, तर दुसरीही नकळत बदलेल. सत्तर वर्षांच्या स्त्रीची सवलत कोणत्या शीर्षाखाली नोंदवायची, या प्रश्नाचे उत्तर तर त्या एकत्रित गटातून आजच नाहीसे झालेले असेल. संगणकाच्या दृष्टीने हे लाघव आहे. धोरणाच्या दृष्टीने मात्र हे दोन निर्णयांचे विस्मरण ठरते.

येथे पुनरुक्ती आणि गुंतागुंत या दोन दोषांचा परस्परसंबंधही स्पष्ट होतो. एकाचे निवारण केले की दुसऱ्याचेही होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती नेहमी खरी नसते. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये गुंतागुंत मोजण्याची एक रीत सुचवली. आज्ञावलीतून जाणाऱ्या परस्परस्वतंत्र वाटा मोजायच्या, ही त्या रीतीतील मूळ कल्पना. सरळ रेषेत चालणाऱ्या आज्ञागटाची वाट एकच असते आणि त्यात येणारी प्रत्येक अट साधारणपणे एकेका वाटेची भर घालते. अशी मोजणी दहाच्या पुढे जाऊ देऊ नये, असे मॅकेब यांचे सुचवणे होते. आता 'निम्मे भाडे' या गटात आधी वयाची अट येईल, मग प्रवासी स्त्री असल्याची, मग बसच्या प्रकाराची, मग एखाद्या तारखेनंतरच लागू होणाऱ्या नियमाची. चार सरळ गट वेगळे ठेवले असते तर प्रत्येकात एकच वाट राहिली असती. एकत्र केल्यावर एकाच गटात पाच वाटा झाल्या, आणि कोणत्या वाटेने कोण जातो हे वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागते.

फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये 'नो सिल्व्हर बुलेट' या निबंधात अॅरिस्टॉटलच्या परिभाषेचा आधार घेऊन गुंतागुंतीचे दोन प्रकार केले : विषयाच्या स्वभावातून येणारी आणि रचनेच्या साधनांतून आगंतुकपणे येणारी. सवलती अनेक आहेत ही पहिली. त्या एकाच पोत्यात भरल्या ही दुसरी. पहिली नाहीशी करता येत नाही. ती नाहीशी केल्याचा देखावा केला, तर दुसऱ्या रूपाने ती परत येते.

लाघवाची ही किंमत भारतीय व्याकरणपरंपरेला अपरिचित नाही. प्रत्येक शब्द वेगळा शिकवायचा म्हटले तर काय होते, याची कथा पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी सांगितली आहे : बृहस्पतीने इंद्राला एक सहस्र दिव्य वर्षे शब्द सांगितले, तरी शब्दांचा अंत लागला नाही. म्हणून सामान्य नियम आणि त्यांचे अपवाद यांची योजना करायची. पाणिनीची सुमारे ४,००० सूत्रे ही या योजनेची पराकाष्ठा आहे. अनुवृत्तीच्या तत्त्वानुसार आधीच्या सूत्रातील पद पुढील सूत्रांत गृहीत धरायचे आणि पुन्हा उच्चारायचे नाही. पुनरुक्तिनिवारणाचे याहून काटेकोर उदाहरण सापडणे कठीण आहे. परंतु ही अनुवृत्ती कोठे थांबते, हे सूत्र स्वतः प्रत्येक वेळी सांगत नाही. ते सांगण्यासाठी वृत्ती लागतात, कात्यायनाची वार्त्तिके लागतात, भाष्य लागते, आणि त्यांचे अध्ययन करणारी गुरुशिष्यपरंपराही लागते. सूत्रकाराने वाचवलेले शब्द टीकाकारांनी मोजून दिले. पाणिनीचे लाघव टिकले, कारण त्याच्यामागे कारणे जपणारा एक समाज उभा होता. ज्या लाघवाला असे भाष्य लाभत नाही ते पुढच्या वाचकापुढे कोडे होऊन उभे राहते. प्रोग्रामरांच्या व्यवसायात माणसे वारंवार बदलतात. तेथे ही उणीव अधिकच जाणवते.

पुन्हा न लिहिण्याचा आणखी एक मार्ग असतो. आधी लिहिलेले आणि कसोटीला उतरलेले जसेच्या तसे नव्या ठिकाणी वापरायचे. त्याचा सर्वांत बोलका दाखला ४ जून १९९६ चा आहे. त्या दिवशी फ्रेंच गयानातील कुरू येथून झेपावलेले आरियान-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. बाणाची दिशा आणि गती सांगणाऱ्या यंत्रणेतील आज्ञावली आधीच्या आरियान-४ वरून घेतलेली होती. तिच्यातील एक भाग आरियान-५ ला उड्डाणानंतर कोणत्याही उपयोगाचा नव्हता. दोन्ही बाणांत समानता राहावी म्हणून तो तसाच ठेवण्यात आला होता. नव्या बाणाचा आडवा वेग अधिक होता. त्यामुळे ६४ बिटांत मांडलेली एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवताना ती मावली नाही, आणि यंत्रणा बंद पडली.

अशा प्रसंगासाठी तीच दुसरी यंत्रणा राखीव ठेवलेली होती. पण तिच्यातही तीच आज्ञावली होती, आणि त्याच कारणाने ती आधीच बंद पडली होती. या घटनेत दोन धडे एकत्र आहेत. 'पूर्वी चालले, म्हणजे हे तेच आहे' या गृहीतकाने दोन भिन्न परिस्थिती एक मानल्या गेल्या. शिवाय राखीव म्हणून ठेवलेली पुनरुक्ती निरुपयोगी ठरली, कारण तिच्यात कोणताही भेद नव्हता.

याच्या शेजारी वेदपठणाची परंपरा ठेवून पाहिली म्हणजे फरक ध्यानात येतो. जटापाठात दोन पदे आधी क्रमाने, मग उलट क्रमाने आणि मग पुन्हा क्रमाने म्हटली जातात. घनपाठात ही गुंफण अधिक दाट होते. ही पुनरुक्ती उघड आणि सहेतुक आहे. क्रम बदलला की संधी बदलतो, आणि एका क्रमात लपून राहिलेली चूक दुसऱ्या क्रमात उघडी पडते. तेथे पुनरुक्ती रक्षण करते, कारण प्रत्येक आवृत्ती वेगळ्या बाजूने येऊन तीच गोष्ट तपासते. पुनरुक्ती सर्वत्र त्याज्य मानणारा नियम या पाठपरंपरेपुढे टिकत नाही, आणि पुनरुक्ती असली की संरक्षण मिळालेच ही समजूत आरियान-५ पुढे टिकत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. तात्पर्य एक आहे की भिन्न हे भविष्यातील बदलांवर अवलंबून असेल, तर लिहिणाऱ्याला ते आज कसे कळणार? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे पूर्ण समाधान शक्य नाही. तथापि दोन चुका सारख्या वजनाच्या नाहीत, एवढे म्हणता येते. जे एक होते ते दोनदा लिहिले, तर दोन्ही संहिता निदान समोर असतात. त्यांची तुलना करून ऐक्य ओळखता येते, फक्त त्यांत मध्यंतरी फाटाफूट झालेली नसली पाहिजे. जे दोन होते ते एक केले, तर भेदाची खूणच पुसली जाते, आणि पुसलेली खूण पुन्हा काढण्यासाठी मूळ निर्णय घेणाऱ्यांना शोधावे लागते. म्हणून शंका असेल तेथे काही काळ पुनरुक्ती सहन करणे हा आळस ठरत नाही. मात्र तसे करताना 'हे दोन का ठेवले' हे लिहून ठेवण्याचे बंधन लेखकावर येते. ते न लिहिता ठेवलेली पुनरुक्ती आणि निव्वळ निष्काळजीपणा यांत पुढच्या वाचकाला फरक करता येत नाही.

समीक्षेलाही या विवेचनात आपले प्रतिबिंब दिसू शकते. दोन कवींच्या ओळींतील सारखेपणा पाहून एकाच 'प्रवृत्ती'खाली त्यांना बसवणारा समीक्षक आणि दोन सवलती एकाच गटात घालणारा प्रोग्रामर यांच्या मोहाची जात एकच आहे. वर्गीकरणाशिवाय दोघांचेही चालत नाही. परंतु वर्गीकरण करणाऱ्याने आपण काय एक मानले आणि कशाच्या आधारावर मानले याचा जबाब मागे ठेवला पाहिजे. परतीच्या बसमध्ये निम्मे भाडे मोजणाऱ्या त्या वृद्धाला आज्ञावली वाचता येत नाही. त्याच्या वतीने ती पुढे कोणीतरी वाचील, आणि त्या वाचणाऱ्याला कारण सापडावे एवढी तजवीज करणे लिहिणाऱ्याच्या हाती असते.