शाळेत वाट कोण पाहते?

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. या कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनीच्या खाणींच्या शेजारचे अहिवारा हे गाव असे आहे की, तेथील कित्येक घरांचा दिवस सूर्याइतकाच पाळीनेही मोजला जातो. अशाच एका मराठी घरात, खाणीच्या हजेरीखात्यातून निवृत्त झालेले सासरे आणि त्यांची सून यांच्यात हे बोलणे झाले. विषय होता सात वर्षांच्या नातवाला शाळेसाठी रोज होणारा उशीर.

सासरे : सूनबाई, सकाळी तू तगादा लावावास आणि त्याने पायमोजा हातात धरून नुसते बसून राहावे, हे मला पाहवत नाही, परंतु उशीर झाला तर होऊ दे, असेही मला म्हणवत नाही. भट्टीवरचा मनुष्य आपला रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याखेरीज जागा सोडू शकत नाही, आणि म्हणून वेळेवर पोहोचणे हा आमच्या लेखी हजेरीपटावरील सहीचा प्रश्न कधीच नव्हता, तर आठ तास आगीपाशी उभ्या राहिलेल्या दुसऱ्या माणसाच्या पायांचा प्रश्न होता.

सून : बाबा, तो वक्तशीरपणा मला पूज्य वाटतो, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाला एक थकलेला जीव उभा होता. आपल्या मुलाच्या उशिराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? तो गेला नाही म्हणून प्रार्थना थांबत नाही. फाटक मात्र बंद होते. ज्याची कोणी वाट पाहत नाही, त्याला त्वरा करण्याची प्रेरणा अंतःकरणातून कशी व्हावी? मी ओरडते तेव्हा तो आवरतो, पण ते माझ्या आवाजाला भिऊन. वेळेविषयी त्याच्या मनात आदर उपजतो असे मला दिसत नाही.

सासरे : आणि आदर उपजेपर्यंत शाळेने थांबावे?

सून : काही शाळा थांबल्या आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले, तेव्हा वस्तीतील मुले बालवाडीत येईनात; त्या बायांनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली गेली.

सासरे : त्या मुलांच्या आड दारिद्र्य होते; आपल्या मुलाच्या आड फक्त झोप आहे. शिवाय चाळीस मुलांची वेळ ही सामायिक मिळकत असते, तिच्यातून एकाने मनास येईल तेवढे उचलावे हे न्यायाचे नव्हे.

या आक्षेपात बळ आहे, असे मला वाटते, आणि सुनेनेही तो टाळला नाही.

सून : झोपेचा मुद्दा क्षुल्लक म्हणू नका. महाराष्ट्रात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी, म्हणजे आपल्याच शेजारच्या रायपूरच्या माणसाने, २०२३ च्या डिसेंबरात तो उपस्थित केला आणि पुढच्या फेब्रुवारीत पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय निघाला. त्यातही मुंबईच्या मुलाचे कष्ट अधिक, कारण आपल्या देशाची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची. आपण त्या रेषेच्या अगदी जवळ, तर मुंबईचा सूर्य आपल्याहून सुमारे पस्तीस मिनिटे मागे. मात्र हेच गणित मला निरुत्तर करते. येथे घड्याळ आणि सूर्य जवळजवळ एकमताने चालतात. आपल्या मुलाची दिरंगाई सूर्याच्या माथी मारता येत नाही.

सासरे : मग कोणाच्या?

सून : रात्रपाळीच्या आठवड्यात पाहा. सहाला पाळी सुटते, त्याचे वडील पावणेसातच्या सुमारास दारात येतात आणि सव्वासातला व्हॅन उभी राहते. दिवसभर ते झोपलेले, रात्री कामावर. त्या अर्ध्या तासाखेरीज मुलाला वडील नाहीत. तो मोजा हातात घेऊन बसतो तो आळसाने नव्हे. मोजा चढला की निघावे लागते, हे त्याला पुरते समजले आहे.

सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. लोकांच्या हजेरीचा हिशेब ज्यांनी हयातभर ठेवला, त्यांना ही नोंद नवी होती.

सासरे : याचा अर्थ, शाळेत नसेल, पण घरात त्याची वाट पाहणारे कोणी आहे, आणि त्याच्याशी तो अत्यंत वक्तशीर आहे. तर बंदोबस्त उलटा करू. दप्तर, डबा, गणवेश रात्रीच सिद्ध, निजणे नऊला, मोजे-बूट वडील यायच्या आत पायात. मग तो अर्धा तास निर्वेध त्या दोघांचा, त्यात तू किंवा मी एक शब्दही बोलायचा नाही.

सून : रात्रपाळीला हे साधेल. दुपारपाळीच्या आठवड्यात काय करायचे? तेव्हा ते दहाला सुटतात, घरी येईतो साडेदहा होतात, आणि हा पांघरुणात डोळे उघडे ठेवून पडलेला असतो. नऊला निजवावे तर आठवडाभर वडील दिसत नाहीत. जागू द्यावे तर सकाळी पुन्हा तीच ओढाताण, आणि ती मी त्याच्यावर करावी की शाळेवर, हे मला खरोखर ठरविता येत नाही.

सासरे : मुख्याध्यापिकांना पाळीचे कोष्टक दाखवून मी विचारतो, त्या आठवड्यात त्याला प्रार्थनेनंतर घेतील का.

सून : विचारा. पण नाही म्हणाल्या, तर मी त्याला जागूच देणार आहे, हे तुम्हाला आजच सांगून ठेवते.