नाचाच्या जागेवरचा पहारा

वंशभेदासारखा जीवघेणा विषय फुगवलेल्या केसांच्या, भडक कपड्यांच्या, नाचगाण्यांच्या विनोदपटात घालावा का, असा आक्षेप जॉन वॉटर्स यांच्या १९८८च्या ‘हेअरस्प्रे’वर घेता येतो. गोष्ट १९६२च्या बाल्टिमोर शहरातली. ट्रेसी ही जाडजूड शाळकरी मुलगी टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमात शिरते आणि तिथे कृष्णवर्णीय मुलांना महिन्यातून एकच दिवस का, असा प्रश्न उभा राहतो. तिच्या आईचं काम डिव्हाइन या पुरुष नटानं केलं आहे, यावरून चित्रपटाचा एकंदर रंग कळावा. वंशभेदाविरुद्धच्या ज्या लढ्यात माणसांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, जीव गमावला, त्याचा असा खेळ करणं शोभतं का?

माझ्या मते शोभतं, आणि त्याचं कारण बाल्टिमोरच्या इतिहासातच आहे. शाळांमधल्या वंशभेदाविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या निकालानंतर या शहरानं १९५४मध्येच शाळांचे दरवाजे सर्वांना खुले केले, निदान कागदोपत्री. पण ज्यावर हा चित्रपट बेतला आहे, तो ‘बडी डीन शो’ त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झाला, आणि त्यात गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं शेवटपर्यंत वेगवेगळ्या दिवशीच नाचत राहिली. हा नियम मोडून ऑगस्ट १९६३मध्ये काही गोरे आणि कृष्णवर्णीय तरुण थेट प्रक्षेपण चालू असताना एकत्र नाचले. पण एकत्र नाचाला मान्यता देण्याऐवजी वाहिनीनं जानेवारी १९६४मध्ये तो लोकप्रिय कार्यक्रमच बंद केला. एका वर्गात बसण्याला कायद्यानं मान्यता मिळून दशक उलटत आलं होतं, तरी हातात हात घेऊन नाचणं सोसवत नव्हतं. भेदाचा खरा पहारा असतो तो स्पर्शावर, मैत्रीवर, प्रेमावर. चित्रपटात कृष्णवर्णीय मुलावर प्रेम करणाऱ्या पेनी या ट्रेसीच्या मैत्रिणीला ‘बरं’ करण्यासाठी तिचे आईवडील मानसोपचारतज्ज्ञ आणतात आणि तो विजेचे झटके देतो. या तज्ज्ञाची भूमिका वॉटर्स यांनी स्वतः केली आहे. प्रसंग हास्यास्पद आहे, पण त्यात हसं होतं ते पहारेकऱ्यांचं, पीडितांचं नव्हे. विनोदाची नैतिक कसोटी मला हीच वाटते.

चित्रपटाचा शेवट गोड आहे, सगळे एकत्र नाचतात. हा इतिहासाचा विपर्यास नाही का? आहे. मात्र हा शेवट अशक्य कोटीतला नव्हता. वाहिनीनं ठरवलं असतं तर तो घडू शकला असता. म्हणूनच तो पाहताना खरा शेवट माहीत असणाऱ्याला नकाराची लाज अधिक बोचते. ज्याला तो माहीत नाही, तो मात्र खोटं समाधान घेऊन उठतो, आणि त्याची जबाबदारी चित्रपटाला पूर्णपणे झटकता येणार नाही.

याहून वजनदार आक्षेप आहे नायिकेच्या गोरेपणाचा. तो मला मान्य करावाच लागतो. शहरालगतच्या ग्विन ओक या करमणूक उद्यानासमोर जुलै १९६३मध्ये कृष्णवर्णीय आणि गोऱ्या निदर्शकांनी मिळून अटक करून घेतली, तेव्हा कुठे ऑगस्टअखेर ते सर्वांना खुलं झालं. ती लढाई कोणा एका गोऱ्या मुलीच्या धिटाईची नव्हती. चित्रपटातल्या निवडचाचणीत नादीन नावाची मुलगी केवळ रंगामुळे नाकारली जाते. त्याच चाचणीत ट्रेसीची निवड होते आणि कथा ट्रेसीबरोबर पुढे निघून जाते. सर्वांत जास्त किंमत मोजलेल्या मुलीला वॉटर्स यांनी फारच थोडी जागा दिली.